घाईने घडलेले खलाशी : शाही हिंदी नौदलातील प्रशिक्षण आणि १९४६चा उठाव

मुंबई बंदराच्या पश्चिमेला कुलाबा आणि गोद्या, तर पूर्वेला उरण अशी या खाडीमुखाची जुनी रचना आहे. मोरा आणि करंजा ही उरणची दोन बंदरे. करंजाच्या पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर आणि उत्तरेला, याच तालुक्यात मोडणारे, घारापुरी बेट. मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला या पाण्यातूनच वाट काढावी लागते, आणि म्हणून आरमार कोणाचेही असो, त्याची नजर या किनाऱ्यावर राहिलेली आहे. आज करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे आणि ‘मार्कोस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागरी कमांडोंचे प्रशिक्षण जेथे होते तो ‘अभिमन्यू’ हा तळही आहे. कोऱ्या तरुणाला नौसैनिक कसे करावे, या प्रश्नाची या बंदराच्या परिसरात वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली गेली. त्यांतले सर्वांत घाईचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात दिले गेले आणि त्याचे परिणाम फेब्रुवारी १९४६मध्ये साऱ्या मुंबईने पाहिले.

त्याआधीची पद्धत निराळी होती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात काय, किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’मध्ये काय, खलाशी जहाजावर घडत असे, त्याला शिकवण्यासाठी किनाऱ्यावर बराकी बांधण्याची कल्पना फार उशिरा आली. कंपनीच्या ज्या ताफ्याने आपला आरंभ ५ सप्टेंबर १६१२पासून मोजला, त्याचे नाव पुढे अनेकदा बदलले, १८९२मध्ये ते ‘रॉयल इंडियन मरीन’ झाले. परंतु त्याचे मनुष्यबळ मात्र दीर्घकाळ प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घराण्यांतून येत राहिले. बाप किंवा चुलता ज्या जहाजावर असेल त्यावर पोराची वर्णी लागे, आणि हुद्द्यांची नावेही कोकणच्या किनाऱ्याला परिचित असलेलीच होती : खलाशांच्या तुकडीचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. हे शिक्षण पुस्तकी नव्हते, पण त्यात एक गोष्ट आपोआप होत असे. नवख्या पोराला ज्याच्याकडून शिव्या खाव्या लागत तो बहुधा त्याच्याच गावचा किंवा नात्यातला असे, आणि पोराच्या घरी काय सांगायचे याची त्यालाही काळजी असे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत किनाऱ्यावरचे शिक्षण रुजू लागले ते आधी व्यापारी जहाजांच्या निमित्ताने. उरणच्या शेजारी न्हावा येथे १९१०मध्ये युसूफ घराण्याच्या देणगीतून खलाशी होऊ इच्छिणाऱ्या मुलांचे विद्यालय सुरू झाले. ‘रहमान’ या नावाने ते आजही चालू आहे. हिंदी तरुणांना जहाजावरचे अधिकारी होता यावे यासाठी १९२७मध्ये मुंबईत माझगावच्या पाण्यात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज नांगरण्यात आले. स्वतंत्र भारताच्या नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख, व्हाइस अॅडमिरल रामदास कटारी, याच जहाजाच्या पहिल्या तुकडीत शिकले. १९३४मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’, म्हणजे शाही हिंदी नौदल, हे नाव आले, लढाऊ दलाचा दर्जा मिळाला आणि जुन्या सारंग-तांडेलांच्या जागी ब्रिटिश नौदलातील हुद्दे रूढ झाले. अधिकारी नसलेल्या सर्व नौसैनिकांना या व्यवस्थेत ‘रेटिंग’ म्हणत. पुढची हकिकत मुख्यतः या रेटिंगांची आहे.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हे नौदल अगदीच किरकोळ होते : मूठभर जहाजे आणि दोन हजारांच्या आत माणसे. युद्ध संपताना हीच संख्या पंचवीस-तीस हजारांच्या घरात गेलेली होती. पाच-सहा वर्षांत पंधरापट वाढ म्हणजे केवळ भरतीचे काम नव्हे. शिकवणारे आणायचे कोठून, हा खरा प्रश्न होता. रत्नागिरीची घराणी एवढी माणसे पुरवू शकत नव्हती. शिवाय नव्या युद्धाला बिनतारी संदेश, रडार आणि पाणबुडीचा माग काढणारी यंत्रे हाताळणारे हात हवे होते आणि त्यासाठी लिहिता-वाचता येणारे, शक्य तर मॅट्रिक झालेले तरुण लागत होते. म्हणून पंजाब, बंगाल, मद्रास, संयुक्त प्रांत, मलबार अशा सर्व भागांतून भरती झाली. भरतीच्या जाहिरातींनी आणि अधिकाऱ्यांनी चांगला पगार, चांगले अन्न, परदेशप्रवास आणि युद्धानंतर उपयोगी पडणारा धंदा या गोष्टींची भरपूर आमिषे दाखवली. पुढे सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगासमोर माणसांमागून माणसांनी या आश्वासनांचा पाढा वाचला आणि त्यांतली बरीच खोटी ठरल्याचे आयोगालाही मान्य करावे लागले.

या भरतीसाठी प्रशिक्षण केंद्रांचे जाळे उभे राहिले. ब्रिटिश नौदलाच्या रीतीप्रमाणे किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजच मानले जाई, त्याला जहाजासारखे नाव मिळे, तळाबाहेर पडणे म्हणजे ‘किनाऱ्यावर जाणे’ ठरे आणि दगडी फरशीलाही डेक म्हटले जाई. कराचीच्या मनोरा बेटावर कोवळ्या वयाच्या मुलांना खलाशी बनवणारे ‘बहादूर’ होते, तोफखान्यासाठी ‘हिमालय’ आणि रडारसाठी ‘चमक’ हेही कराचीतच. जामनगरला पाणतीर आणि वीजयंत्रणेसाठी ‘वलसुरा’, वर्सोव्याला पाणबुडीविरोधी शिक्षणाचे ‘मच्छलीमार’, ठाण्याजवळ कोलशेतला ‘अकबर’. लोणावळ्याला इंजिनांचे तंत्र शिकवणारे केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाले आणि इंग्रजांनी त्याला ‘शिवाजी’ हे नाव दिले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाने एकदा थांबून पाहावी अशी आहे. कुलाब्यातले ‘तलवार’ हे संदेशवहनाचे विद्यालय. तारयंत्री आणि संकेतक येथे तयार होत.

नव्या रेटिंगाचा दिवस बिगुलाने सुरू होई. झोळीवजा बिछाना, ज्याला जहाजावर हॅमॉक म्हणतात, गुंडाळून त्यावर दोरीचे बरोबर सात वेढे समान अंतरावर बसवायचे, तो ठरल्या जागी उभा करायचा, आणि वेढा सैल पडला की सोडून पुन्हा बांधायचा. ही शिस्त निरर्थक नव्हती, कारण घट्ट बांधलेली झोळी बुडत्या जहाजावर काही काळ तरंगते आणि जहाजाला पडलेले भोक बुजवायलाही कामी येते. पण समुद्र न पाहिलेल्या मुलाला ही कारणे सांगण्याइतका वेळ शिकवणाऱ्याकडे असेच असे नाही. त्यानंतर कवायत, होडी वल्हवणे, गाठींचे प्रकार, दोन हातांत दोन निशाणे धरून अक्षरे दाखवण्याची सेमाफोर पद्धत, पोहणे, रायफल. संदेशवहनाच्या विद्यार्थ्यांना याखेरीज तासन्‌तास कानांवर यंत्र लावून मोर्सची कटकट ऐकावी लागे, आणि तीही अर्थपूर्ण शब्दांत नव्हे, तर पाच-पाच अक्षरांच्या निरर्थक गटांत, कारण युद्धातले संदेश सांकेतिक असत व अंदाजाने शब्द पुरा करण्याची सवय तेथे घातक ठरे. ऐकलेले अक्षर डोक्यात न घोळवता थेट हाताने कागदावर उतरले पाहिजे, हे या शिक्षणाचे लक्ष्य.

त्या काळाच्या आठवणी छापून आल्या त्या बऱ्याच उशिरा. ‘तलवार’वरील तारयंत्री बलाईचंद्र दत्त यांचे ‘म्युटिनी ऑफ द इनोसंट्स’ हे पुस्तक १९७१मध्ये निघाले. त्याआधी १९५४मध्ये, नोकरी गमावलेल्या काही रेटिंगांच्या नावाने, संपाचा एक वृत्तांत प्रसिद्ध झाला होता. राखीव दलात अधिकारी असलेल्या पर्सी गुर्गी यांनी आपला ग्रंथ १९९६मध्ये प्रकाशित केला. या लेखनावर विसंबताना एक सावधगिरी आवश्यक आहे. लिहिणारे मुख्यतः इंग्रजी जाणणारे, संदेशवहन शाखेतले किंवा अधिकारी वर्गातले होते. भट्टीवर कोळसा ओढणारा स्टोकर, स्वयंपाकी, सफाईवाला आणि रत्नागिरीचा जुना खलाशी यांचा आवाज त्यांत क्वचितच उमटतो. नौदलाच्या प्रशिक्षणाचे जे चित्र आज परिचित आहे ते तारयंत्र्याने काढलेले चित्र आहे, आणि तारयंत्री हा त्या दलातला सर्वांत शिकलेला, म्हणून अपमानाला सर्वांत लवकर तडकणारा माणूस होता.

तरीही एका विषयावर आठवणी लिहिणारे, आयोगासमोर बोलणारे आणि सरकारी अहवाल यांचे एकमत आहे, तो म्हणजे जेवण. डाळीत आणि भातात खडे, अर्धवट भाजलेली चपाती, निकृष्ट भाजी. तक्रार केली तर बहुधा ‘भिकाऱ्यांना निवड करता येत नाही’ अशा धाटणीचे उत्तर मिळे. अन्नाची ही बाब क्षुल्लक मानून तिच्यामागे ‘खरी’ राजकीय कारणे शोधण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे, तर दुसरीकडे साम्राज्य सरकारला सारा उठाव डाळ-भातावर ढकलायचा होता. दोन्ही बाजूंनी एक साधी गोष्ट नजरेआड होते. ज्या तळावर झोळीचा सैल वेढा हा शिस्तभंग ठरतो, त्याच तळावर डाळीतला खडा हा कोणाचाच अपराध ठरत नाही, हे रेटिंग रोज तीनदा पाहत होता. नियम एकाच बाजूने चालतो हे त्याला जेवणाच्या ताटाने शिकवले.

असाच धडा बाहेरही मिळत होता. तेच काम करणाऱ्या ब्रिटिश नाविकाचा पगार, निवास, रजा आणि जेवण वेगळे. वरिष्ठांची भाषा अनेकदा वर्णद्वेषी. दुसरीकडे युद्धाने या तरुणांचा आत्मविश्वास वाढवला होता : ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बंगाल’ या छोट्या सुरुंगनाशक जहाजाने एका तेलवाहू जहाजाच्या साथीने दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यांतले एक बुडाले, आराकानच्या किनाऱ्यावर हिंदी जहाजांनी सैन्य उतरवले. ही माणसे बंदरे पाहून, मलाया व ब्रह्मदेशात आझाद हिंद सेनेच्या कथा ऐकून परतली, तोच नोव्हेंबर १९४५मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला उभा राहिला. नौदल आता हजारो माणसांना घरी पाठवण्याच्या विचारात होते. शिकवलेला धंदा बाहेर कुठे चालणार, याची शाश्वती कोणी देत नव्हते. मुंबईच्या तळांवर सुटकेची वाट पाहणाऱ्यांची गर्दी झाली आणि गर्दीला करायला काम नव्हते.

१ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनाच्या सोहळ्यासाठी ‘तलवार’चे दरवाजे नागरिकांना उघडणार होते, त्या सकाळी भिंतींवर ब्रिटिशविरोधी घोषणा रंगवलेल्या आढळल्या. सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी, २ फेब्रुवारी १९४६ला, तोच प्रकार पुन्हा झाला आणि दत्त पकडले गेले. तळाचे प्रमुख कमांडर किंग यांनी काही दिवसांनी रेटिंगांना उद्देशून अत्यंत हीन शिव्या दिल्या. त्याविरुद्ध नियमाप्रमाणे लेखी तक्रारी झाल्या आणि त्या नियमाप्रमाणेच रेंगाळल्या. १८ फेब्रुवारीच्या सकाळी ‘तलवार’वरील सुमारे दीड हजार रेटिंगांनी न्याहारी नाकारली आणि कामावर जाण्यास नकार दिला.

येथून पुढे जे घडले त्याकडे प्रशिक्षणाच्या अंगाने पाहिले असता त्याची संगती अधिक चांगली लागते. ज्यांना पाच अक्षरांचे निरर्थक गट न चुकता टिपायला शिकवले होते त्यांच्या हाती देशभराच्या नौदलाची बिनतारी यंत्रणा होती, आणि संपाची बातमी त्याच यंत्रणेवरून कराची, मद्रास, कलकत्ता, विशाखापट्टण येथे, तसेच समुद्रावरच्या जहाजांपर्यंत पोहोचली. १९ तारखेला मुंबई बंदरातली जहाजे आणि ‘कॅसल बॅरॅक्स’सारखे तळ सामील झाले. मध्यवर्ती संप समितीची निवड झाली : अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग, दोघेही संदेशवहन शाखेतले. जहाजांवरून ब्रिटिश नौदलाचे निशाण उतरले आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांची निशाणे एकत्र चढली. मागण्यांत चांगले अन्न, समान वेतन, अपमान करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई यांच्याच शेजारी आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य मागे घेणे ही कलमे होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांची साखळी तुटल्यावर जहाजे चालू ठेवणे, पहारे लावणे, संदेश नोंदवणे ही कामे रेटिंगांनी परस्पर निभावली. शिस्त त्यांना खरोखर शिकवली गेली होती आणि ती ते आता ज्याच्या नावाने शिकवली त्याच्याविरुद्ध वापरत होते. मात्र पहिल्या दिवसांत शहरात फिरलेल्या काही जमावांनी दुकानांवर व गोऱ्यांवर हात टाकले, हेही नोंदले पाहिजे.

सर्वसाधारण प्रचलित आकडा सांगतो की अठ्ठ्याहत्तर जहाजे, वीस तळ आणि वीस हजार रेटिंग यांत सामील झाले. २० तारखेला रेटिंगांना बराकीत परतण्याचा हुकूम होऊन दारांवर लष्करी पहारे बसले. दुसऱ्या दिवशी ‘कॅसल बॅरॅक्स’मधून बाहेर पडू पाहणाऱ्यांवर गोळीबार झाला, आतून प्रत्युत्तर आले आणि चकमक काही तास चालली. नौदलप्रमुख व्हाइस अॅडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून बजावले की सरकारपाशी प्रचंड बळ आहे आणि वेळ पडल्यास नौदलाचा नाश झाला तरी ते वापरले जाईल. धमकी देण्यासाठी बंदरावरून विमाने उडवण्यात आली. त्याच काळात गेटवेजवळ मुंबईकरांनी जहाजांवरच्या उपाशी पोरांसाठी खाद्यपदार्थ आणून दिले. ज्यांच्या ताटातल्या डाळीवरून सुरुवात झाली त्यांच्यासाठी फळे, भाकरी आणि दूध घेऊन माणसे धक्क्यावर उभी राहिली, आणि पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी अनेकदा ते नेऊ दिले.

कराचीत २२ तारखेला ‘हिंदुस्तान’ या जहाजावर लष्कराने तोफा डागल्या आणि त्या जहाजानेही तोफांनी उत्तर दिले. संपात ‘बहादूर’वरची कोवळी पोरेही होती. ज्यांनी कवायतीपलीकडे नौदलातले काही पाहिले नव्हते अशा मुलांच्या वाट्याला पहिला खरा तोफखाना आला तो आपल्याच सरकारचा. मुंबईत त्याच दिवशी कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेला प्रतिसाद देत गिरण्या बंद झाल्या आणि परळ, लालबाग, गिरगाव भागांत लष्कर व पोलिसांनी गोळ्या चालवल्या. परळ महिला संघाच्या कमल दोंदे या गोळीबारात मारल्या गेल्या आणि कुसुम रणदिवे जखमी झाल्या. शहरातील मृतांची संख्या दोनशेच्या वर गेली. त्यांतले बहुतेक गिरणगावातले सामान्य लोक होते, ज्यांनी नौदलाचा तळ आतून कधी पाहिला नव्हता. सरदार पटेल यांनी मुंबईत समितीशी बोलून शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला, आणि कोणावर सूड उगवला जाणार नाही यासाठी काँग्रेस प्रयत्न करील असे आश्वासन दिले. लीगच्या नेतृत्वानेही तोच सल्ला दिला. २३ फेब्रुवारीच्या सकाळी जहाजांनी शरणागतीची काळी निशाणे चढवली.

न्यायमूर्ती सय्यद फज्ल अली यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांच्या आयोगाने शेकडो साक्षी घेतल्या. त्याचा अहवाल जानेवारी १९४७मध्ये प्रसिद्ध झाला. भरतीवेळची खोटी आश्वासने, निकृष्ट अन्न, अपुऱ्या सोयी, वर्णभेद, अधिकाऱ्यांचे वर्तन आणि नौदलाचा घाईने झालेला विस्तार ही कारणे त्यात ठळकपणे येतात, राजकीय प्रचाराचा वाटा मान्य करूनही. सरकारी अहवालाच्या मानाने हे बरेच स्पष्ट बोलणे होते. परंतु अहवाल येईपर्यंत शिक्षा होऊन गेल्या होत्या. चारशेहून अधिक रेटिंगांना नोकरीतून काढले गेले आणि स्वातंत्र्यानंतर भारत वा पाकिस्तान, कोणत्याही नौदलाने त्यांना परत घेतले नाही. बेशिस्तीला बक्षीस दिल्याचा पायंडा नव्या राष्ट्रांना नको होता, हे कारण समजण्याजोगे असले तरी न्यायाचे नव्हे.

फाळणीचा नौदलाला बसलेला एक फटका फारसा चर्चिला जात नाही. मुलांना खलाशी बनवणारी मुख्य केंद्रे कराचीत होती. ऑगस्ट १९४७मध्ये ‘बहादूर’, ‘हिमालय’ आणि ‘चमक’ पाकिस्तानच्या वाट्याला गेली, आणि भारताला प्राथमिक प्रशिक्षण जवळपास शून्यापासून उभे करावे लागले. विशाखापट्टणच्या ‘सरकार्स’ तळावर मुलांचे शिक्षण सुरू झाले, तोफखान्याचे विद्यालय कोचीला आले आणि १९८०मध्ये ओडिशातील चिल्का सरोवराकाठी नौसैनिकांच्या प्राथमिक प्रशिक्षणाचा आजचा तळ कार्यान्वित झाला. लोणावळ्याचे ‘शिवाजी’ आणि जामनगरचे ‘वलसुरा’ भारताकडेच राहिले व आजही इंजिन आणि विद्युत शाखांचे शिक्षण तेथे होते. मार्च २०२३मध्ये चिल्काहून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात मुलींचाही समावेश होता.

उरणच्या वाट्याला याच्या अगदी उलट टोकाचे शिक्षण आले. ‘अभिमन्यू’ तळ १ मे १९८० रोजी नौदलात दाखल झाला आणि १९८७मध्ये सागरी विशेष दलाची, म्हणजे आजच्या ‘मार्कोस’ची, उभारणी झाली. १९३९च्या भरतीत मिळेल तो तरुण घ्यायचा होता. येथे आधीच नौसैनिक असलेल्या स्वयंसेवकांतूनही बहुसंख्य गाळायचे होते. शारीरिक चाळणी, झोप तोडून घेतलेल्या कसोट्या, पुढे कोचीला पाण्याखालचे आणि आग्र्याला हवाई छत्रीचे शिक्षण असा हा क्रम. १९८७मध्येच श्रीलंकेतील मोहिमेत जाफना येथे केलेल्या छाप्याबद्दल लेफ्टनंट अरविंद सिंग यांना महावीर चक्र मिळाले. या दलातील माणसांच्या आठवणी फारशा छापल्या जात नाहीत, आणि गोपनीयतेमुळे यापुढेही त्या किती येतील हे सांगता येत नाही.

जुन्या रेटिंगांकडे सरकारचे लक्ष गेले ते फार उशिरा. हयात असलेल्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळवण्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. दत्त नौदलातून गेल्यावर पत्रकारितेत व नंतर जाहिरातीच्या व्यवसायात रमले. भारतीय नौदलाने पुढे आपल्या दोन टग बोटींना, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून बंदरात आणणाऱ्या बळकट नौकांना, बी. सी. दत्त आणि मदनसिंग ही नावे दिली. कुलाब्यात उठावाचे स्मारक २००१मध्ये उभे राहिले. संप समितीचे अध्यक्ष खान यांच्या नावाने मात्र भारतात एकही नौका नाही.